'नाही' म्हणजे नेमकं कुठलं 'नाही'?

मागच्या वर्षी एका शुक्रवारी रात्री मी लॅपटॉपवरच्या एआय एजंटला एक साधा प्रश्न विचारला. आमच्या साइटचं डोमेन सध्या कुणाच्या नावावर आहे, बघ. दहा-बारा सेकंदांत उत्तर आलं: कुणाच्याच नाही, डोमेन उपलब्ध आहे, हवं तेव्हा घेता येईल. मी ते उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. खाली तीन अंगठे आले. "चला, वाचलो. रविवारी भेटतोच आहोत, तेव्हा पैसे काढून घेऊन टाकू," एकानं लिहिलं.

साइट कथांची होती. कॉलेज सुटल्यावर आम्ही पाच जणांनी सुरू केली आणि नऊ वर्षं जमेल तशी चालवली. नोकऱ्या, बदल्या, लग्नं या सगळ्यात वर्षाचे पैसे ज्या कार्डावरून जायचे ते कधी बंद पडलं, कळलंच नाही. आठवणीचे मेल ज्या पत्त्यावर येत होते तो पत्ता कुणी उघडत नव्हतं. ही चूक आमची, ती कुणावर ढकलायची नाही. पण त्या शुक्रवारी रात्री ती चूक अजून दुरुस्त होण्यासारखी होती. आमचं डोमेन उपलब्ध वगैरे नव्हतं. गहाण ठेवलेल्या दागिन्यासारखं ते आमच्यासाठीच अडवून ठेवलेलं होतं, आणि सोडवून घ्यायला दोन दिवस उरले होते.

रविवारी आम्ही पैसे घेऊन बसलो, तर डोमेन विकत घेताच येईना. काहीतरी तांत्रिक गडबड असेल असं वाटलं. सोमवारी जुन्या रजिस्ट्रारला, म्हणजे ज्याच्याकडून डोमेन घेतलं होतं त्याला, फोन लावला. मुदत काल संपली, आता आमच्या हातात काही नाही, असं उत्तर मिळालं. त्या आठवड्याच्या शेवटी डोमेन मोकळं झालं. आम्ही तिघं तीन फोनवर रिफ्रेश मारत बसलो होतो, तेवढ्यात कुठल्यातरी यंत्रानं ते उचललं. आता तिथं ऑनलाइन रमीची जाहिरात आहे. कथा आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत, गेला तो पत्ता. महिन्याभरानं एका मुलीचा मेसेज आला. तिची पहिली कथा आम्ही छापली होती. "दादा, मी नोकरीच्या अर्जात ती लिंक दिली होती. उघडली तर पत्ते येतायत."

तेव्हा मी शोधायला लागलो की खोटं नेमकं कोण बोललं. एजंट खोटं बोलला नव्हता. डोमेनची माहिती काढायचं एक छोटं अवजार त्याला जोडलेलं होतं. त्या अवजाराबरोबर जे माहितीपत्रक आलं होतं, त्यात लिहिल्याप्रमाणे तो वागला होता. पुस्तकांवर, सिनेमांवर लिहिणारा मी माणूस. पण गेल्या वर्षभरात मी सगळ्यात बारकाईनं वाचलेला मजकूर म्हणजे ते माहितीपत्रक आहे. हा लेख त्याची समीक्षा आहे.

तीन वाक्यांचं पुस्तक

एजंटसाठी लिहिलेलं माहितीपत्रक कसं दिसतं, हे आधी सांगायला हवं, कारण बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. २०२४च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक खुली पद्धत मांडली. तेव्हापासून एजंटला बाहेरची अवजारं जोडणं सोपं झालं. प्रत्येक अवजाराबरोबर तीन गोष्टी येतात: नाव, थोडक्यात वर्णन, आणि त्याला काय काय पुरवायचं याची यादी. हा मजकूर एजंटच्या पुढ्यात ठेवला जातो आणि तो वाचून एजंट ठरवतो की हे अवजार कधी उचलायचं, त्यात काय घालायचं आणि बाहेर आलेल्या गोष्टीचा अर्थ काय लावायचा.

आमच्या अवजाराचं वर्णन मूळ इंग्रजीत होतं. मराठीत ते साधारण असं होईल: 'दिलेल्या डोमेनच्या नोंदणीची माहिती मिळवते. डोमेन उपलब्ध आहे का हे तपासण्यासाठी वापरा. माहिती न मिळाल्यास उत्तर रिकामं येतं.' संपलं. याखाली एक ओळ: 'डोमेन, मजकूर, आवश्यक.'

वरवर वाचलं तर स्वच्छ मजकूर आहे. फाफटपसारा नाही, जाहिरातबाजी नाही. आता एकेक वाक्य घ्या.

पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्या वाक्यात उडी आहे. नोंदणीची माहिती मिळवणं हे एक काम, डोमेन विकत मिळेल का हे सांगणं हे दुसरं. नोंद नसलेलं प्रत्येक नाव विकत मिळतंच असं नाही. काही नावं नोंदणी चालवणाऱ्या संस्थांनी राखून ठेवलेली असतात, काही चढ्या भावासाठी बाजूला काढलेली असतात. उलट, नोंद असलेलं नावही पुढच्या आठवड्यात मोकळं होणार असू शकतं. माहितीपत्रकानं या दोन कामांमधली भिंत एका वाक्यात पाडून टाकली.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक, आणि त्याचा घात व्याकरणात आहे. 'माहिती न मिळाल्यास.' कुणाला न मिळाल्यास? का न मिळाल्यास? वाक्यातून कर्ताच गायब आहे. सरकारी पत्रात 'कार्यवाही न झाल्यास' असं लिहितात आणि ती कार्यवाही कुणी करायची हे कुठेच येत नाही, तसा हा प्रकार. नोंद अस्तित्वात नाही म्हणून माहिती मिळाली नाही? सर्व्हर बंद होता म्हणून? नाव चुकीच्या पद्धतीनं लिहिलं म्हणून? की सर्व्हरनं 'तुम्ही फार वेळा विचारताय, थोडं थांबा' असं सांगितलं म्हणून?

अवजाराचा कोड खुला होता, त्यामुळे नंतर वाचता आला. आमच्या बाबतीत शेवटची गोष्ट घडली होती. एकाच सर्व्हरवरून अनेक जण विचारत असल्यामुळे समोरून 'थांबा' असं उत्तर आलं, आणि अवजारानं इतर सगळ्या अडचणींसारखंच त्यालाही रिकाम्या उत्तराच्या एकाच पोत्यात कोंबलं. एजंटनं रिकामं पोतं पाहिलं, दुसरं आणि तिसरं वाक्य जोडलं आणि म्हणाला, उपलब्ध आहे.

तुम्ही किंवा मी कोरं पान पाहिलं असतं तर काय केलं असतं? पुन्हा दाबलं असतं. वायफाय बघितलं असतं. 'असं कसं, नऊ वर्षं आमचं होतं' असं मनात आलं असतं. माणूस माहितीपत्रक वाचताना स्वतःचा अनुभव त्यात भरत असतो, म्हणून वाईट माहितीपत्रकंसुद्धा वर्षानुवर्षं खपून जातात. एजंटलाही डोमेन म्हणजे काय, याचं सर्वसाधारण ज्ञान असतंच. पण मी जे पाहिलं त्यात हातातल्या अवजारावर जे लिहिलंय त्याला तो त्या ज्ञानापेक्षा जास्त मान देत होता. नवीन लागलेला आज्ञाधारक कारकून जसा वहीत लिहिलेल्या नियमाला देतो, तसा.

टेलिफोन डिरेक्टरीचा वारसा

हा दोष एकट्या त्या अवजाराचा नाही. तो वारशानं आलेला आहे.

डोमेन कुणाचं हे विचारायची जुनी पद्धत म्हणजे हूइज. तिचं पहिलं लिखित वर्णन १ मार्च १९८२चं आहे, आरएफसी ८१२. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ते क्रमांक दिलेले दस्तऐवज. तेव्हा डॉट कॉम जन्मालाही आलं नव्हतं. अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर कोण कोण आहे, त्याचा पत्ता, फोन आणि मेल काय, हे सांगणारी ती डिरेक्टरी होती. ती सांभाळायचं काम कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एसआरआय या संस्थेतलं माहिती केंद्र करायचं आणि त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइन्लर. विचारणारा माणूस, उत्तर वाचणारा माणूस, आणि फारच अडलं तर केंद्रात फोन उचलणाराही माणूस.

आज हूइजचं जे अधिकृत वर्णन आहे ते सप्टेंबर २००४चं, आरएफसी ३९१२. जेमतेम चार पानं. मी ती एका चहात वाचून संपवली आणि मला ती आवडली. खोटा आव नाही. उत्तर माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात येतं, हे ती सरळ सांगतात. सुरक्षिततेची सोय नाही, हेही सांगतात. पद्धत इतकी साधी की गंमत वाटते: ४३ क्रमांकाच्या पोर्टवर एक ओळ पाठवायची, समोरून मजकूर येतो, आणि मजकूर संपला की सर्व्हर जोडणी तोडतो. जोडणी तुटली म्हणजे उत्तर संपलं.

यात एक गोष्ट लक्षात येते का? बोलणं संपलं की फोन ठेवायचा, 'ठेवतो' असं म्हणायचं नाही. मग बोलणं पूर्ण झालं की मध्येच लाइन गेली, हे कळायला खात्रीची खूण उरत नाही. शिवाय उत्तराचा मजकूर कसा असावा याबद्दल ती चार पानं काहीच बोलत नाहीत. त्यामुळे नाव सापडलं नाही हे सांगायची प्रत्येक सर्व्हरची तऱ्हा वेगळी. कुणी 'नो मॅच' म्हणतं, कुणी 'नॉट फाउंड', कुणी 'स्टेटस फ्री'. तारखा कुठे दिवस आधी, कुठे वर्ष आधी. माणसाला यातलं काहीच अडत नाही. वेगवेगळ्या गावचे लोक 'नाही' वेगवेगळ्या प्रकारे म्हणतात, आपल्याला कळतं. पण ही उत्तरं यंत्रानं वाचावीत म्हणून ज्यांनी कोड लिहिला, त्यांना प्रत्येक गावच्या बोलीचा वेगळा नियम लिहावा लागला, आणि जी बोली यादीत नव्हती तिचा अर्थ अंदाजानं लावावा लागला.

आमचं अवजार या परंपरेतलं. रिकामं म्हणजे नाही, हा त्याचा अंदाज कुणीतरी खूप आधी, माणूस वाचणार आहे या भरवशावर केलेला होता.

आरडॅप: 'नाही'चं व्याकरण

हूइजच्या जागी जी नवी पद्धत आली तिचं नाव आरडॅप. तिचे मूळ दस्तऐवज मार्च २०१५चे. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या जागतिक डोमेनांसाठी हूइज चालवायची सक्ती आयकॅन या संस्थेनं २८ जानेवारी २०२५पासून काढून टाकली. आता तिथं आरडॅप हीच अधिकृत खिडकी आहे.

आरडॅपचं लिखाण वाचताना पहिल्यांदा जाणवतं की यांच्या डोळ्यासमोर वाचक म्हणून यंत्र आहे. उत्तर ठरलेल्या रचनेत येतं, तारखा एकाच पद्धतीनं येतात. पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. यांनी 'नाही'चे प्रकार पाडले आहेत.

आपल्या रोजच्या बोलण्यात हे प्रकार असतातच. दुकानात जाऊन तुम्ही हिंग मागितला. 'नाही, आमच्याकडे मिळत नाही.' 'नाही, आत्ता गर्दी आहे, थांबा जरा.' 'नाही, पलीकडच्या दुकानात विचारा.' 'नाही कळलं, काय हवंय?' पाचवा प्रकार कापड दुकानातला: 'आहे, पण दाखवणार नाही, ते राखून ठेवलंय.' शब्द तोच, पण प्रत्येक वेळी तुम्ही पुढे वेगळं काहीतरी करता.

आरएफसी ७४८० हा दस्तऐवज हेच करतो, वेबचे नेहमीचे आकडे वापरून. नोंद सापडली नाही तर ४०४. फार वेळा विचारलंत तर ४२९. दुसऱ्या सर्व्हरकडे जा असं सांगायचं असेल तर ३०२सारखे आकडे. प्रश्नच नीट नसेल तर ४००. पाचव्या प्रकारासाठी मार्च २०२४मध्ये वेगळा दस्तऐवज आला, आरएफसी ९५३७. युरोपातला खासगीपणाचा कायदा जीडीपीआर २५ मे २०१८ला लागू झाल्यापासून मालकाचं नाव-पत्ता बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं. पण रिकामी जागा आणि झाकलेली जागा यांत फरक आहे. तो फरक उत्तरातच कसा नोंदवायचा, हे हा दस्तऐवज शिकवतो. 'इथं माहिती आहे, पण ती काढून घेतलेली आहे' असं यंत्राला सांगता येणं, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

त्या शुक्रवारी आमच्या अवजारानं ४२९ हा आकडा एजंटपर्यंत नुसता पोचवला असता तरी तो थांबला असता. आणि उत्तर आलं असतं तर त्यात डोमेनच्या स्थितीपुढे 'रिडेम्प्शन पीरियड' असे दोन शब्द दिसले असते. मुदत संपलेलं जागतिक डोमेन रजिस्ट्रारनं काढून टाकलं की जुन्या मालकाला ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात. तो हा काळ. त्यानंतर ५ दिवस ते पुसण्याच्या रांगेत असतं, तेव्हा कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं. आमची गोष्ट या दोन शब्दांत मावली असती.

मग आरडॅपच्या लिखाणाला पैकीच्या पैकी? नाही. दोन तक्रारी आहेत.

पहिली, ते विखुरलेलं आहे. प्रश्न कसा विचारायचा ते आरएफसी ९०८२मध्ये, उत्तर कसं वाचायचं ते ९०८३मध्ये, आकड्यांचे अर्थ ७४८०मध्ये, आणि मुळात कुठल्या सर्व्हरला विचारायचं ते ९२२४मध्ये. जाणकार प्रोग्रॅमरला हे ठीक आहे, तो आठवडाभर बसून वाचेल. एजंटच्या पुढ्यात त्यातलं काय ठेवायचं हे शेवटी कुणीतरी मधला माणूस ठरवतो, आणि तो घाईत तीन वाक्यं लिहितो. मूळ ग्रंथ कितीही चांगला असला तरी वाचकाच्या हातात गाइड पडतं, ही आपल्या परीक्षांची जुनी गोष्ट इथंही खरी आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. लोक ज्या प्रश्नासाठी ही खिडकी सर्रास वापरतात, 'हे नाव मला मिळेल का', तो प्रश्न आरडॅपचा नाहीच. त्या प्रश्नाची खिडकी वेगळी आहे. नोंदणी चालवणारी संस्था आणि रजिस्ट्रार आपसात ईपीपी नावाच्या पद्धतीनं बोलतात आणि तिच्यात नाव मिळेल का हे विचारायची खास आज्ञा आहे. तिचं वर्णन ऑगस्ट २००९च्या आरएफसी ५७३१मध्ये आहे. तिथं एक वाक्य असं आहे की मी वाचताना थांबलो. अर्थ असा: ही आज्ञा फक्त इशारा देते, नोंदणी होईल की नाही हे शेवटी सर्व्हरच्या धोरणावर अवलंबून आहे.

म्हणजे ज्या खिडकीचं कामच हे सांगणं आहे, ती खिडकीसुद्धा म्हणते की माझ्या 'हो'वर पूर्ण विसंबू नका. आणि आमचं तीन वाक्यांचं माहितीपत्रक, ज्याचं ते कामच नव्हतं, ते बेधडक म्हणत होतं की उपलब्ध आहे का तपासायला मला वापरा. चांगल्या आणि वाईट माहितीपत्रकातला फरक मला इथं सापडला. चांगलं माहितीपत्रक आपल्या उत्तरातून काय सिद्ध होत नाही, हेही सांगतं.

देवनागरीत विचारून पाहिलं

नंतर मी अवजाराची आणखी एक परीक्षा घेतली. २०१४पासून डॉट भारत हे डोमेन देवनागरीत मिळतं, मराठी नावांसाठीही. जी साइट चालू आहे हे मला पक्कं माहीत होतं, तिचं देवनागरी नाव मी एजंटला दिलं. रिकामं उत्तर. 'उपलब्ध आहे.' शेजारच्या टॅबमध्ये ती साइट उघडी होती.

कारण असं की इंटरनेटची जुनी पोटातली यंत्रणा देवनागरी नाव जसंच्या तसं वापरत नाही. त्याचं रोमन अक्षरं आणि आकड्यांत रूपांतर होतं, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. त्या रूपात विचारलं तेव्हा नोंद बरोबर आली. हूइजच्या त्या प्रामाणिक चार पानांत ही उणीव कबूल केलेली आहे: कुठली लिपी वापरली आहे हे कळवायची सोयच या पद्धतीत नाही. आरडॅपमध्ये दोन्ही रूपांसाठी वेगळे रकाने आहेत, आणि एकाच नावात दोन्ही रूपांची भेसळ करू नये अशी सूचनाही आहे. आमच्या माहितीपत्रकात यातलं काय होतं? 'डोमेन, मजकूर, आवश्यक.'

मराठीला तर आणखी एक खास अडचण आहे. 'वाऱ्यावर' या शब्दातलं ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होऊ शकतं. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडणीचं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्रासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. 'मजकूर' या एका शब्दात माहितीपत्रकानं हे सगळं गृहीत धरलं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मजकूर म्हणजे रोमन अक्षरं होती. त्यात वाईट हेतू नव्हता. पण ज्यांची भाषा गृहीत धरलेली नसते त्यांच्या वाट्याला चुकीचं उत्तर जास्त वेळा येतं, आणि ते येतं तितक्याच आत्मविश्वासानं.

एजंटला स्वतःची अक्कल नको?

हे सगळं एका प्रोग्रॅमर मित्राला ऐकवलं, तर तो म्हणाला, "अरे, तू एवढा त्या तीन ओळींवर का घसरतोस? एजंट हुशार असेल तर त्यानं दोनदा विचारायला नको? आणि असं सगळं लिहीत बसलो तर वर्णन पानभर होईल. एजंटला अशी पन्नास अवजारं जोडलेली असतात. सगळी वाचता वाचता तो मूळ प्रश्न विसरेल."

त्याचा दुसरा मुद्दा खरा आहे. एजंटच्या पुढ्यातली जागा मर्यादित असते आणि लांबलचक वर्णनात महत्त्वाचं वाक्य बुडतं. म्हणून माझं म्हणणं जास्त लिहा असं नाहीच. अवजार यशस्वी झाल्यावर काय मिळतं हे उत्तराकडे बघूनही कळतं. तारीख तारखेसारखी दिसते. अपयश मात्र दिसत नाही, ते सांगावंच लागतं. मग मोजक्या शब्दांतले बहुतेक शब्द अपयशावर खर्च करायला हवेत. आज बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कारण माहितीपत्रक लिहिणारा माणूस आपलं अवजार चालताना पाहतो, बंद पडताना नाही.

पहिल्या मुद्द्यावर मी त्याला एवढंच म्हटलं की एजंट हुशार असावा हे मान्य. पण मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये अवजाराच्या उत्तराबरोबर 'ही चूक आहे' अशी खूण पाठवायची सोय मुळातच आहे. ती न वापरता रिकामं पोतं पाठवायचं आणि मग घेणाऱ्यानं ओळखायला हवं होतं म्हणायचं, हे बरं नाही. तो हसला. म्हणाला, "मग तूच लिहून दाखव."

मी लिहिलं. तीनची सात वाक्यं झाली. मराठीत अशी:

'डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतली माहिती आरडॅपमधून मिळवते. नाव विकत मिळेल का हे यातून ठरत नाही, त्यासाठी रजिस्ट्रारकडे तपासा. "नोंद नाही" हे उत्तर फक्त सर्व्हरनं ४०४ दिलं तरच येतं. सर्व्हर व्यस्त, बंद किंवा माहीत नसेल तर उत्तर चूक म्हणून येतं, त्याचा अर्थ "नोंद नाही" असा घेऊ नका. स्थितीत रिडेम्प्शन किंवा पेंडिंग डिलीट दिसलं तर वापरणाऱ्याला लगेच सांगा, मुदत चालू असते. झाकलेले रकाने "झाकलेले" म्हणून येतात, रिकामे नव्हे. देवनागरी किंवा इतर लिपीतलं नाव तसंच द्या, रूपांतर अवजार करेल.'

शेवटच्या वाक्यासाठी आणि चुका वेगळ्या करण्यासाठी मित्राला कोडही बदलावा लागला. संध्याकाळ गेली त्यात. मजकूर नीट लिहायला बसलं की आपल्या अवजाराला काय येत नाही ते उघडं पडतं, हे त्यानंच बोलून दाखवलं. मग आम्ही मुद्दाम सर्व्हर व्यस्त असल्याचं उत्तर देऊन तोच जुना प्रश्न आठ-दहा वेळा विचारला. एजंटचं उत्तर दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत, पण अर्थानं हे होतं: सर्व्हरनं आत्ता उत्तर दिलं नाही, त्यामुळे डोमेन मोकळं आहे की नाही सांगता येत नाही, थोड्या वेळानं पुन्हा बघू का?

एवढंच वाक्य हवं होतं त्या रात्री. ते आलं असतं तर मी ग्रुपवर काहीच टाकलं नसतं. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं असतं आणि शनिवारी सकाळी जुन्या रजिस्ट्रारला फोन लावला असता.

आमच्या कथा आता नव्या पत्त्यावर आहेत. त्या मुलीला नवी लिंक पाठवली. तिनं अर्ज केव्हाच पाठवून झाला होता. "काही नाही दादा," तिनं लिहिलं. हे कुठलं 'नाही' होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.